विदितचा उंट आणि मोबाईलमधली पट्टी: गाजलेला डाव कसा बघायचा?

मोबाईलवर बुद्धिबळाचा डाव उघडला की बाजूला एक काळी-पांढरी पट्टी वरखाली होत असते. ती बघूनच आपण चाल भारी की फालतू हे ठरवून मोकळे होतो. ही पट्टी नेमकं काय सांगते, ते एका डावावरून बघू.

डाव कोणता?

५ एप्रिल २०२४, टोरंटो, कँडिडेट्स स्पर्धेची दुसरी फेरी. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी काळ्या मोहऱ्यांनी हिकारू नाकामुराविरुद्ध खेळत होता. नाकामुरा त्याआधी सलग ४७ क्लासिकल डाव हरला नव्हता. ओपनिंग होतं बर्लिन डिफेन्स. २००० साली क्रामनिकने याच बचावाने कास्पारोव्हला रोखलं, म्हणून याला 'बर्लिनची भिंत' म्हणतात. पण विदितने ११व्या चालीला उंट घालून एच३ वरचं, राजासमोरचं प्यादं मारलं! उंटाची किंमत साधारण ३, प्याद्याची १. तरीही २९ चालींत विदित जिंकला.

पट्टी काय सांगते?

ती स्टॉकफिशसारख्या इंजिनाचा अंदाज दाखवते. +१ म्हणजे ढोबळमानाने पांढरा एका प्याद्याने पुढे, -१ म्हणजे काळा. पण ०.०० म्हणजे 'सोपा डाव' नव्हे! इंजिन लाखो स्थिती तपासून बरोबर चाल शोधतं. माणसाला तीच चाल घड्याळ चालू असताना, उघड्या पडलेल्या राजासह शोधावी लागते. ती भीती पट्टीत दिसत नाही.

असं करून बघा

१. लिचेसवर (फुकट, जाहिराती नाहीत) हा डाव शोधा आणि त्याची पीजीएन मोबाईलमध्ये सेव्ह करा. ही काही केबीची साधी टेक्स्ट फाईल असते.
२. इंजिन बंद करा. ११व्या चालीपासून विदितची प्रत्येक चाल आधी स्वतः ओळखा, मग पुढे जा.
३. शेवटी इंजिन चालू करून ताळा घ्या.

इंजिन फोनच्या प्रोसेसरवरच चालतं, त्याला इंटरनेट लागत नाही. कर्जत-खोपोली लोकलमध्ये पळसदरी सोडल्यावर माझी रेंज जाते, तरी खोपोलीपर्यंत अर्धा डाव आरामात होतो.

एक लक्षात ठेवा: ऑनलाइन खेळताना इंजिनाची मदत घेतली तर अकाउंट बंद होऊ शकतं. इंजिन डाव संपल्यावर वापरायचं. विदितसमोरही त्या दिवशी फक्त पट होता, पट्टी नव्हती.