स्वस्तातले शूरवीर आणि त्यांच्या हरवलेल्या तलवारी

छंद नाना प्रकारचे असतात. कोणी टपालाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी, तर कोणी आगपेट्यांवरची चित्रे. या छंदांना समाजात मान आहे. परंतु चाळिशी-पन्नाशीचा मनुष्य प्लॅस्टिकचे योद्धे जमवतो असे ऐकले की घरातली वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावतात. त्यातही ते योद्धे नामांकित कंपनीचे नसून बाजारात कमी पैशांत मिळणारे नकली असतील, तर मग विचारूच नका! आणि तरीही या ‘झुझूं’च्या मागे आज जगभर हजारो माणसे लागलेली आहेत. हा नुसता पोरखेळ नाही. त्यात व्यापार आहे, कायदा आहे, थोडे रसायनशास्त्र आहे आणि साध्या घरांतल्या बालपणाचा इतिहासही आहे.

हे खेळणे आले कोठून?

या गोष्टीची सुरुवात एका नकारापासून होते. १९७६ साली ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाची खेळणी काढण्याचा प्रस्ताव अमेरिकेतील मॅटेल या मोठ्या कंपनीपुढे आला होता. मॅटेलने तो नाकारला आणि केनर या दुसऱ्या कंपनीने घेतला. १९७७ साली चित्रपट आला, गाजला आणि केनरचे पावणेचार इंचांचे बाहुले घरोघर पोहोचले. हातची संधी गेलेल्या मॅटेलला आता मुलग्यांसाठी स्वतःचे काहीतरी हवे होते. मार्क टेलर यांची चित्रे आणि रॉजर स्वीट यांचे नमुने यांतून १९८२ साली ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ ही मालिका बाजारात आली. श्रेय नेमके कोणाचे, हा वाद त्यानंतरही बराच काळ चालला.

साडेपाच इंचांचा, पिळदार दंडांचा, गुडघे किंचित वाकवून लढायला उभा असलेला हा वीर म्हणजे ही-मॅन. फ्रेंचमध्ये त्याचे नाव मुस्क्लोर, त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांना तो त्याच नावाने आठवत असेल. त्याचा वैरी कवटीच्या तोंडाचा स्केलेटर. १९८३ पासून त्यांची चित्रमालिका दूरचित्रवाणीवर आली आणि तिचे १३० भाग निघाले. मग काय, मुलांनी दुकानदारांना आणि आईबापांना भंडावून सोडले.

एकाच साच्याची किमया

प्लॅस्टिकच्या खेळण्यात कच्चा माल स्वस्त असतो. महाग असतो तो पोलादाचा साचा. एक साचा करण्यास मोठा खर्च येतो. पण एकदा तो झाला की त्यातून हजारो नग काढता येतात. म्हणून शहाणा कारखानदार एकच धड, तेच हात आणि तेच पाय ठेवतो. डोके बदलतो, रंग बदलतो, छातीवर नवे चिलखत चढवतो आणि नवे नाव देतो. आपल्या बायकांनी एकाच पिठाच्या पुऱ्या, शंकरपाळे आणि कडबोळी करावीत, तसाच हा प्रकार!

खुद्द मॅटेलने हेच केले. ही-मॅनचा वाघ ‘बॅटल कॅट’ म्हणजे ‘बिग जिम’ या जुन्या मालिकेतल्या वाघाचाच साचा, वेगळ्या रंगात. १९८३ चा ‘फेकर’ म्हणजे निळ्या कातडीचा ही-मॅन. त्याच्या अंगावर स्केलेटरचे चिलखत, तेही नारिंगी रंगात. १९८५ चा ‘मॉस मॅन’ म्हणजे बीस्ट मॅनच्या अंगावर हिरवी लव चिकटवलेली. त्याच वर्षीच्या ‘स्टिंकॉर’ला मर-मॅनचे डोके आणि मेकानेकचे चिलखत दिले, आणि वर प्लॅस्टिकमध्ये वास मिसळला. आज संग्राहक याच काटकसरीच्या पात्रांवर विशेष जीव टाकतात.

नक्कल की चोरी?

जे मॅटेलला सुचले ते इतरांना सुचल्याशिवाय कसे राहील? रेम्को या नावाने स्वस्त खेळणी विकणाऱ्या अझराक-हॅमवे कंपनीने १९८२ साली डीसी कंपनीच्या ‘वॉरलॉर्ड’ या चित्रकथेवरून त्याच उंचीचे, तसेच वाकलेले, तसेच पिळदार योद्धे काढले. १९८३ साली एलजेएन कंपनीने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे वीर आणले. सनगोल्डच्या ‘गॅलेक्सी वॉरियर्स’सारख्या आणखी स्वस्त मालिका निघाल्या. तुर्कस्तान आणि मेक्सिकोत तर कोणाची परवानगी न घेता केलेले नमुने विकले गेले.

मॅटेलने रेम्कोला कोर्टात खेचले. १९८३ साली न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयाने मॅटेलला तातडीचा मनाईहुकूम देण्याचे नाकारले. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की लढण्याच्या पवित्र्यात वाकून उभा असलेला महाबलवान मल्ल ही कल्पना आदिमानवाच्या काळापासून चालत आलेली आहे. तिच्यावर कोणाचीच मालकी नाही. मालकी असते ती फक्त ती कल्पना ज्या विशिष्ट रीतीने घडवली त्या रीतीवर.

वाचकहो, हा निकाल आपल्याला समजायला मुळीच कठीण नाही. गदा खांद्यावर घेतलेला मारुती शेकडो मूर्तिकार घडवतात, पण मारुती कोणा एकाचा होत नाही. महाराष्ट्रात दिवाळीला मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. त्यावर शिवाजी महाराज आणि मावळे मांडतात. ते मातीचे मावळेही साच्यातूनच निघतात, दरवर्षी थोडे मोडतात आणि पुढच्या वर्षी नवे येतात. किल्ला आणि शिपाई हा खेळ कोणत्याही कंपनीच्या आधीचा आहे.

लहान वस्तूचे मोठे मोल

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. योद्धा मोठा असतो, म्हणून तो टिकतो. हरवते ती त्याची हत्यारे. ही-मॅनबरोबर कुऱ्हाड, ढाल, तलवार आणि छातीचे पट्टे येत; टीलाबरोबर नागाच्या फण्याची काठी; स्केलेटरबरोबर मेंढ्याच्या कवटीचा दंड. ही-मॅन आणि स्केलेटर यांच्या तलवारी अर्ध्या-अर्ध्या होत्या. दोन्ही जोडल्या की एक पूर्ण तलवार होई, आणि खेळण्याबरोबर येणाऱ्या छोट्या चित्रकथेत तीच ग्रेस्कल किल्ल्याची किल्ली होती. म्हणजे एक अर्धी हरवली की दोघांचाही खेळ अपुरा!

ही बोटभर हत्यारे उसाच्या शेतात पडली, नहाणीच्या मोरीतून गेली, झाडूबरोबर उकिरड्यावर गेली. म्हणूनच आज नुसता योद्धा सहज मिळतो, पण सरंजामासह पूर्ण योद्धा त्याच्या कितीतरी पट महाग पडतो. आणि जेथे पैसा तेथे लबाडी. नवीन ओतलेल्या किंवा त्रिमितीय छपाईच्या यंत्रावर काढलेल्या तलवारी जुन्या म्हणून खपवल्या जातात. नवी तलवार करणे हा गुन्हा नव्हे. ज्याच्याजवळ निःशस्त्र वीर आहे त्याला ती उपयोगाचीच आहे. मात्र नवी आहे हे सांगून विकणे ही सचोटी, आणि जुनी म्हणून विकणे ही फसवणूक. घेणाऱ्याने रंगाची छटा, प्लॅस्टिकचा लवचिकपणा आणि साच्याच्या कडेची रेघ खऱ्या नगाशी ताडून पाहावी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. योद्ध्याच्या पाठीवर साल कोरलेले असते, ते हक्क नोंदवल्याचे साल होय, तो नग बनल्याचे नव्हे. १९८१ कोरलेला ही-मॅन १९८२ मध्ये किंवा त्यानंतरही बनलेला असू शकतो. त्याच्या जोडीला मलेशिया, तैवान, मेक्सिको असे देशाचे नाव असते. जाणकार त्यावरून पारख करतात.

भारताशी नाते

या कथेत आपल्या पूर्वजांच्या देशाचेही एक पान आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीच्या ‘लिओ’ या नावाने मॅटेलची खेळणी भारतात निघू लागली, आणि ही-मॅनही त्यांत होता. १९८७ साली एमआरएफ आणि अमेरिकेची हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल कंपनी काढली. तिच्या गोव्यातील कारखान्यातून ‘जी. आय. जो’ या मालिकेचे शिपाई बाहेर पडले. साचे अमेरिकेचे, पण रंग पुष्कळदा वेगळेच! मूळ शिपाई हिरवा असावा तर हा निळा किंवा पिवळा. एके काळी मूळ मालापुढे दुय्यम समजले गेलेले हे शिपाई आज परदेशातील संग्राहक मुद्दाम शोधून घेतात. पिकते तिथे विकत नाही, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नव्हे.

जपावे कसे?

आपल्या बेटावरची दमट हवा आणि ऊन, दोन्ही प्लॅस्टिकचे शत्रू. उन्हाने रंग पिवळा पडतो, दमटपणाने पुठ्ठ्याला बुरशी लागते. मऊ प्लॅस्टिकच्या पायांतून कालांतराने तेलासारखा चिकट द्रव बाहेर येतो. प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून मिसळलेलेच ते द्रव्य. असा मऊ पाय कडक प्लॅस्टिकच्या डब्याला चिकटून राहिला तर डबा वितळल्यासारखा होतो. म्हणून प्रत्येक योद्धा वेगळ्या कागदात ठेवावा, अंधाऱ्या आणि कोरड्या कपाटात ठेवावा. धुताना कोमट पाणी, सौम्य साबण आणि जुना दातांचा ब्रश पुरे. कमरेच्या फटीतून पाणी आत शिरू देऊ नये. हत्यारे लहान पिशवीत घालून त्या-त्या योद्ध्याच्या नावाने बांधून ठेवावीत.

आणि एक इशारा. जुने खेळणे तान्ह्या मुलाच्या हाती देऊ नये. रंगातील शिसे आणि प्लॅस्टिक मऊ करणारी काही द्रव्ये यांवर अमेरिकेत कडक मर्यादा आल्या त्या २००८ च्या कायद्याने. त्याआधीची स्वस्त खेळणी, विशेषतः ज्यांवर बनवणाऱ्याचे नावच नाही अशी, कोणत्या मालाची आहेत हे कोणी तपासलेले नसते. शिवाय लहान तलवार घशात अडकू शकते. मुलांना खेळायचेच असेल तर नवी खेळणी आहेत. मॅटेलने २०२० पासून ‘ओरिजिन्स’ या नावाने जुन्याच रूपाचे साडेपाच इंची योद्धे पुन्हा आणले. त्यांचे हातपाय काढून एकमेकांना लावता येतात. किंमत सुरुवातीला अमेरिकेत सुमारे १५ डॉलर होती.

टाकण्याआधी थांबा

ज्यांची ऐपत होती त्यांच्या मुलांना खरा ही-मॅन मिळाला. त्याच्या खोक्यावर नाव होते, त्याची जाहिरात होती, त्याची नोंद राहिली. ज्यांची ऐपत नव्हती त्यांच्या मुलांना बाजारातला बिननावाचा, पोकळ अंगाचा, हलका योद्धा मिळाला. तो त्या घरात राजाच होता. पण त्याची नोंद कोणी ठेवली नाही. कोणत्या कारखान्यात तो बनला, कोणी रंगवला, हे आज कित्येकदा कळत नाही. अशा वेळी तो योद्धा हाच एकमेव पुरावा उरतो. महागड्या खेळण्यांचे ग्रंथ निघतात, स्वस्त खेळणी केरात जातात. जो संग्राहक ही नकली मंडळी गोळा करतो, त्यांची हत्यारे जुळवतो, पाठीवरची अक्षरे उतरवून घेतो, तो कष्टकरी घरांच्या बालपणाची वंशावळच लिहीत असतो.

तेव्हा पुढच्या सणाच्या साफसफाईत माळ्यावरचा खोका खाली आला, तर तो लगेच केरात रिकामा करू नका. तळाशी बोटभर लांबीची, रंग उडालेली एखादी तलवार असेल. ती कोणाची, हे घरातल्या थोरल्या मुलाला विचारा. तो आता स्वतः बाप झालेला असला, तरी उत्तर त्याला ठाऊक असेल.