इटलीच्या गरिबांचे ताट

मागे वस्तीतल्या आरोग्य बैठकीत एका ताईंनी विचारले, "सिस्टर, पोरं गाडीवरचा पास्ता मागतात. इटलीचं खाणं आहे म्हणे, मग पौष्टिकच असेल ना?" आम्ही आधी हसलो, पण प्रश्न चांगला होता. गाडीवर मिळतो तो मैदा, बटर, चीज आणि बाटलीतला सॉस. इटलीतल्या शेतमजुराच्या चुलीवर असले काही शिजत नव्हते.

तिथे गरीबाघरच्या स्वयंपाकाला 'कुचिना पोवेरा' म्हणतात, अर्थ सरळ आहे, गरिबांचा स्वयंपाक. आज तोच स्वयंपाक मोठ्या हॉटेलांत महाग विकतात, तो भाग सोडून देऊ. मध्य इटलीतल्या टस्कनी भागात शतकानुशतके जमीन मालकाची आणि घाम कुळाचा, पीक अर्धे-अर्धे अशी रीत होती. मांस सणावारी. रोजच्या पोटाला पांढरा घेवडा, म्हणजे आपल्या राजम्याचाच भाऊ. टस्कनीच्या लोकांना बाकीचे इटालियन 'घेवडेखाऊ' म्हणून चिडवत. घेवडा, काळपट पानांची कोबीच्या जातीची भाजी, कांदा, गाजर आणि शिळा पाव यांचे दाट सूप करायचे, उरलेले दुसऱ्या दिवशी परत उकळायचे. नावच 'रिबोलिता', पुन्हा उकळलेली. आपल्याकडे शिळ्या भाकरीला फोडणी देतात, त्यात आणि यात फार अंतर नाही.

दक्षिणेला पुलिया भागात वाळलेला बाकला शिजवून घोटतात आणि सोबत रानातली कडवट पालेभाजी. जेनोव्हाला हरभऱ्याच्या पिठात पाणी, मीठ, तेल घालून भट्टीत भाजतात. आपले बेसनाचे धिरडेच, फक्त मिरची-कांद्याविना. टस्कनीच्या डोंगराळ गार्फान्याना भागात 'फार्रो' नावाचा गहू घेवड्याबरोबर शिजतो. तो गहू म्हणजे आपला खपली. आपल्याकडे आता खपली महाग पाकिटात आला, म्हणून तो श्रीमंतांचा वाटतो.

या ताटात चांगले काय? धान्यात प्रथिनांचे जे घटक कमी पडतात ते कडधान्यात असतात, आणि कडधान्यात कमी ते धान्यात. दोन्ही एकत्र आले की मांस नसतानाही भागते. पालेभाजी आणि कडधान्यातले लोह अंगी लागायला आंबट, ताजे काही सोबत हवे. अमेरिकेचे शास्त्रज्ञ आन्सेल कीज 1950 च्या दशकात नेपल्सला गेले, तेव्हा तिथल्या कष्टकऱ्यांत हृदयविकार कमी दिसतो हे त्यांच्या लक्षात आले. पुढे सात देशांचा मोठा अभ्यास त्यांनी केला.

पण गरिबांचे जेवण म्हणजे आपोआप चांगले जेवण, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. त्याच इटलीच्या उत्तरेला, लोम्बार्डी आणि व्हेनेतोत, शेतमजुरांना गहू परवडत नव्हता. मक्याचे पीठ पाण्यात शिजवलेला 'पोलेंता' सकाळ-संध्याकाळ, आणि सोबत जवळजवळ काहीच नाही. 18 व्या आणि 19 व्या शतकात तिथे हजारो लोकांना पेलाग्रा झाला. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातांची, मानेची कातडी काळवंडून सोलायची, जुलाब लागायचे, मग डोके भ्रमायचे. वेड्यांची इस्पितळे अशा मजुरांनी भरली. शेवट मृत्यू. 1771 मध्ये फ्रापोल्ली या डॉक्टरांनी लोकांच्याच बोलीतले नाव पुस्तकात आणले, 'पेल्ले आग्रा', खरखरीत कातडी.

कारण पुढे कळले. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहज मिळत नाही. मेक्सिकोचे मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यात शिजवत, त्याने ते मोकळे होई. युरोपने मका नेला, चुना मागेच राहिला. मालकाच्या ताटात मांस, अंडी, दूध होते, म्हणून त्याला पेलाग्रा झाला नाही. आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात हा रोग दोन ओळींत होता. ताटातला फरक त्यात नव्हता. आपल्या दख्खनमध्येही ज्वारीवरच भागवणाऱ्या मजुरांत पेलाग्रा सापडला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. गोपालन यांनी त्यावर काम केले. दोष भाकरीचा नाही, भाकरीशेजारी रिकाम्या राहिलेल्या जागेचा आहे. वॉर्डात असताना रक्त कमी असलेल्या बाळंतिणींना आम्ही विचारायचो, काल काय खाल्ले? चहा-पाव, चहा-चपाती. सगळ्यांना वाढून उरले तर कालवण.

तर पोरांना पास्ता द्यायचाच असेल तर इटलीच्या घरातला द्या. वाटीभर छोले रात्री भिजवा, कुकरला मऊ शिजवा. दोन चमचे तेलात ठेचलेला लसूण, चिरलेला टोमॅटो परता. निम्मे छोले ठेचून घाला म्हणजे रस दाटतो, उरलेले अख्खे. पाणी उकळले की मूठभर साधा पास्ता त्यातच शिजवा. नसेल तर चपातीच्या कणकेचे तुकडे टाका. या चकोल्यांच्याच बहिणी. शेवटी मूठभर पालक, खाताना लिंबू. छोल्यांऐवजी राजमा घेतलात तर भिजवलेले पाणी फेकून द्या आणि कुकरला पूर्ण शिजू द्या. अर्धकच्च्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. आणि हो, वाढताना आपली वाटी आधी भरून बाजूला ठेवा.