बाथ येथील एक दर्शनी भिंत

इंग्लंडच्या पश्चिम भागांत बाथ नांवाचें जुनें शहर आहे. तेथील ऊन पाण्याचे झरे रोमन लोकांच्या काळापासून प्रसिद्ध आहेत. अठराव्या शतकांत प्रकृतीच्या निमित्तानें, व पुष्कळ वेळां केवळ मौजेखातर, श्रीमंत लोक हंगामापुरते तेथें येऊन राहात. त्यांच्यासाठीं भिंतीला भिंत लागून घरांच्या ज्या रांगा उठल्या, त्यांत ‘रॉयल क्रेसेंट’ ही सर्वांत नामांकित होय. धाकट्या जॉन वुड या शिल्पज्ञानें १७६७ सालीं ती आरंभिली आणि सुमारें आठ वर्षांत तीस घरें पुरीं झालीं.

समोरच्या हिरवळीवरून पाहणारास तीस घरें दिसतच नाहींत. धनुष्यासारखा वांकलेला एकच राजवाडा दिसतो. दगड जवळच्याच खाणींतील, मधाच्या रंगाचा. खालचा मजला अगदीं साधा, आणि त्यावर दोन मजल्यांच्या उंचीचे ११४ खांब. परंतु मुलांनो, खरी गंमत मागल्या बाजूस आहे. घर घेणारानें वुडनें आंखलेल्या दर्शनी भागाचा एक तुकडा घ्यावा आणि त्यामागें आपला कारागीर लावून मनाजोगें घर बांधावें, अशी व्यवस्था होती. त्यामुळें मागें कोणाचें छप्पर उंच, कोणाचें ठेंगणें. कोणाची भिंत पुढें आलेली. खिडक्यांचा तर एकमेकींशीं कांहींच संबंध नाहीं! माझ्या मतें या इमारतीचें मोल या दोन्ही बाजू मिळून आहे.

अशा घरास उजेड व वारा बहुधा पुढून आणि मागूनच मिळतो. म्हणून तें रुंद न होतां उंच वाढतें. खालीं कोठ्या, रस्त्याच्या पातळीवर जेवणाची खोली, त्यावर दिवाणखाना, मग निजावयाच्या खोल्या, आणि अगदीं वर माळ्यावर नोकरचाकर. पहिल्या क्रमांकाचें घर टोकाचें असल्यानें त्याचें स्वयंपाकघर व नोकरांच्या खोल्या शेजारच्या जोडइमारतींत होत्या. हेन्री सँडफर्ड नांवाचे आयरिश गृहस्थ १७७६ पासून वीस वर्षें तेथें भाड्यानें राहात. १९७० पासून तें घर संग्रहालय म्हणून खुलें आहे. पुढें निराळी झालेली जोडइमारतही २०१३ सालीं त्यास पुन्हा जोडली गेली. मांस भाजण्याची सळई फिरविण्यासाठीं त्या काळीं लहान कुत्र्यास चाकांत पळवीत. तसलें चाक तेथें पाहावयास मिळतें. दिवाणखान्यापेक्षां तें चाकच अधिक सांगून जातें.

१९४२ च्या एप्रिलांत जर्मन विमानांनीं टाकलेल्या आगलाव्या बाँबांनीं येथील दोन घरें आंतून जळून गेलीं. तीं मागाहून दुरुस्त झालीं. याहून मोठी हानि शहरानें स्वतःच्या हातानें केली. १९६० नंतरच्या दहापंधरा वर्षांत, कारागीर व सामान्य लोकांसाठीं बांधलेल्या त्याच काळच्या साध्या घरांच्या पुष्कळ रांगा नव्या इमारतींकरितां पाडण्यांत आल्या. राजवाड्यासारखी रांग तेवढी जपावयाची आणि तिच्या भोंवतालचें गांव मोडावयाचें, ही जपणूक फारच अपुरी! १९७३ सालीं याविरुद्ध ‘द सॅक ऑफ बाथ’ हें पुस्तक निघालें. १९८७ सालीं संपूर्ण शहर जागतिक वारशांत गणलें गेलें.

ज्या सुमारास त्या रांगा पडत होत्या, त्याच सुमारास बावीस क्रमांकाच्या घरांतील एका बाईंनीं आपला दरवाजा पिवळा रंगविला. दरवाजे पांढरेच हवेत, असा नगरसभेचा आग्रह होता. वाद मंत्र्यांपर्यंत गेला. निकाल बाईंच्या बाजूनें लागला, आणि दरवाजा पिवळाच राहिला.