दोष मुलाचा की मशीनचा?

निकालपत्रकांचे दिवस होते. सांगलीतल्या घरी संगणकावर गुण भरत बसले की मध्येच पडदा निळा व्हायचा. कधी एक्सेलची फाईल उघडत नसे, कधी ब्राउझर आपोआप बंद पडे. आठवीतला मुलगा त्याच संगणकावर गेम खेळतो, म्हणून मी त्याच्यावरच ठपका ठेवला. "अम्मी, मी काहीच केलं नाही," असं तो रडून सांगत होता. दोनदा विंडोज नव्याने टाकून घेतले, त्रास तसाच.

ईदला साताऱ्याहून धाकटा भाऊ आला. तो संगणक दुरुस्तीचे काम करतो. त्याने विचारले, "आपा, चूक दर वेळी एकाच ठिकाणी होते का?" एकाच प्रोग्राममध्ये, तेच काम करताना चूक होत असेल, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा. ती कुठेही, केव्हाही होत असेल आणि विंडोज बदलूनही जात नसेल, तर संशय हार्डवेअरवर घ्यावा.

आधी त्याने सगळ्या फाईली पेनड्राइव्हवर उतरवल्या. मग मेमटेस्ट८६ रात्रभर चालवले. सकाळी पडद्यावर चुकांची यादी होती. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एकेक पट्टी एकाच खाचेत लावून तपासली. एक निर्दोष निघाली. दुसरी पुसून, खाच बदलून लावली तरी चुका येतच राहिल्या. ती बदलली आणि त्रास थांबला, अल्हम्दुलिल्लाह.

रॅममध्ये ० च्या जागी १ झाला, तरी हिशेब बिघडतो. २००३ मध्ये बेल्जियमच्या स्कारबेक इथे एका उमेदवाराला ४,०९६ मते जादा दिसली. ४,०९६ म्हणजे बारा वेळा दुप्पट केलेला १. म्हणून एकच बिट उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला.

घरी करण्यासारखे:

• विंडोजमधली 'मेमरी डायग्नोस्टिक' चाचणी चालवा.
• तारीख-वेळ वारंवार मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा छोटा सेल बदला.
• फाईल उघडायला फार वेळ लागत असेल, तर हार्ड डिस्क तपासा. त्याआधी नक्कल काढा.
• एका वेळी एकच भाग बदला, नाहीतर दोष कशात होता ते कळत नाही.
• २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजलेला किंवा ओलीत राहिलेला संगणक असेल, तर जोडण्यांवर गंज आहे का ते पाहा.

सूरह हुजुरातमध्ये खबर पारखून घेण्याची आणि बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद आहे. मी वर्गात ती अनेकदा समजावली आहे. घरी मात्र विसरले. मुलाजवळ माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, "अम्मी, पुढच्या वेळी आधी मशीन तपासू या."