परातीतलं पाणी आणि अंगणातली माती

मूल दोन वर्षांचं झालं की घरात एक नवी काळजी सुरू होते: याला दिवसभर रमवायचं कसं? मोबाइलवर कुणाच्या तरी घरातलं नीटनेटकं खेळघर दिसतं. मग खेळण्यांचा संच मागवला जातो, शनिवारी मॉलमधल्या प्ले झोनचं तिकीट काढलं जातं, आणि सोमवारी मूल पुन्हा ओट्याखालचे डबे बाहेर काढून बसतं. त्या मुलाचं काही चुकत नाही. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना खऱ्या वस्तू हाताळायच्या असतात, खरी कामं करायची असतात आणि जवळ घाई न करणारं मोठं माणूस हवं असतं. आपल्या बहुतेक समजुती मात्र याच्या उलट दिशेच्या आहेत.

त्यातली सर्वांत महागात पडणारी समजूत म्हणजे शिकण्यासाठी खास साहित्य विकत घ्यावं लागतं. ‘माँटेसरी’ हे नाव छापलेली लाकडी खेळणी हल्ली हजारो रुपयांना मिळतात. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं ते सान लोरेंझो या गरीब वस्तीत, आणि त्यांच्या पद्धतीत पाणी ओतणं, केर काढणं, टेबल पुसणं, बटणं लावणं या रोजच्या कामांना पहिल्यापासून मानाचं स्थान आहे. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी याच्याही पुढचं पाऊल टाकलं. गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाई १९४५ साली बोर्डीला गेल्या. समुद्रकाठच्या त्या गावात गरीब घरांतली मुलं होती आणि माँटेसरींचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं. मग शंखशिंपले, बिया, पानं, खडे, गावात सहज मिळणाऱ्या वस्तू हेच बालवाडीचं साहित्य झालं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हा अंगणवाडीचा विचारही तिथलाच. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि ताराबाईंच्या मागे अनुताईंनी ते चालवलं.

ही केवळ गरिबीतली तडजोड होती, असं मी मानत नाही. प्लॅस्टिकच्या दहा रिंगा एकाच साच्यातल्या असतात. दहा शिंपल्यांत मात्र एक खडबडीत, एक गुळगुळीत, एक कडेला फुटलेला, एकावर जांभळी रेघ. लहान-मोठा, जड-हलका, सारखा-वेगळा हे सगळं मूल त्यांतून बोटांनी शिकतं. ज्यांच्या गावाला समुद्र नाही त्यांच्याकडे चिंचोके आहेत, आंब्याच्या कोयी आहेत, नारळाच्या करवंट्या आहेत.

आणि स्वयंपाकघर तर आहेच. परातीत पाणी, दोन वाट्या, एक गाळणी आणि पळी एवढ्यावर अडीच वर्षांचं मूल बराच वेळ रमतं. कोथिंबिरीची पानं खुडणं, बटाटे धुणं, कणकेचा गोळा थापणं हे त्याला याच वयात जमतं. तीन-साडेतीनला मटार सोलता येतात, उकडलेला बटाटा कुस्करता येतो, मोज्यांच्या जोड्या लावता येतात. चौथ्या वर्षी बोथट सुरीनं केळं कापता येतं आणि चार ताटांशेजारी चार वाट्याही मांडता येतात. चार माणसांना चार वाट्या, हे गणितच आहे. याला वेळ लागतो आणि ओटाही पुन्हा पुसावा लागतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून सकाळच्या डब्याच्या घाईत नव्हे, संध्याकाळी भाजी निवडताना मुलाला शेजारी घ्यावं. नोकरी करणाऱ्या आईबाबांना वेगळा वेळ काढण्यापेक्षा हे सोपं जातं, कारण भाजी तशीही निवडायचीच असते.

इथेच आजी-आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा एक प्रश्न येतो: ‘नुसतं खेळतोय, लिहितो कधी?’ तिसऱ्या वर्षी हातात पेन्सिल दिली की पुढे मूल आघाडीवर राहील, असं अनेकांना मनापासून वाटतं. पण लिहिणारा हात सावकाश तयार होतो. जन्माच्या वेळी बाळाच्या मनगटातली आठही छोटी हाडं कूर्चेची असतात. एक्स-रेमध्ये ती दिसतसुद्धा नाहीत. ती हळूहळू कठीण होत जातात आणि त्यांतलं शेवटचं हाड साधारण नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान पक्कं होऊ लागतं. तळहाताचे स्नायू आणि बोटांवरचा ताबाही सावकाश येतो. म्हणून तीन वर्षांच्या मुलाला ओळीत ‘अ’ गिरवायला लावलं की ते अख्ख्या मुठीनं पेन्सिल आवळतं आणि थोड्या वेळात दमतं. कणीक तिंबणं, ओलं फडकं पिळणं, शेंगा फोडणं, चिमटीनं बी उचलणं ही लिहिण्याचीच पूर्वतयारी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ या वयाचा पायाभूत टप्पा ठरवला तो खेळातून आणि कृतीतून शिकण्यावर भर देऊनच. तरीही अनेक नर्सरींत तीन वर्षांच्या मुलांना गृहपाठ मिळतो, आणि पालकच तो मागतात. मुलाचा दिवस वाचवायचा असेल तर आधी हे मागणं थांबवायला हवं.

‘फिरायला नेलं पाहिजे’ हे मात्र खरंच आहे. फक्त ठिकाण जितकं मोठं तितका मुलाचा फायदा जास्त, ही समजूत चुकीची. भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विन बघायला नेलेलं मूल झाडांना पाणी घालणाऱ्या पाइपजवळ उभं राहतं आणि आई-बाबा त्याला ओढत पुढे नेतात. त्याला त्या क्षणी पेंग्विनइतकाच पाइपही नवा असतो. पुण्यातल्या पेशवे पार्कात १९५६ साली सुरू झालेल्या फुलराणीची गोडी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण छोटी गाडी, छोटा फेरा आणि उतरल्यावर पळायला जागा, हे या वयाला झेपणारं माप आहे. एका वेळी एकच ठिकाण, तेही सकाळी, आणि दुपारच्या झोपेआधी घरी, इतकं पाळलं तरी निम्मी रडारड टळते. तीन-चार वर्षांच्या मुलांनाही दिवसभरात दहा ते तेरा तास झोप लागते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं शारीरिक हालचाल व्हावी आणि बाबागाडीसारख्या ठिकाणी त्यांना एका वेळी तासाभराहून जास्त जखडून ठेवू नये, असं त्यांत आहे. या मापानं पाहिलं तर दोन तास गाडीत बसून गाठलेल्या रिसॉर्टपेक्षा भाजी मंडईतली पायी फेरी सरस ठरते. एसटी स्टँड, रेल्वेचा पूल, रोपवाटिका, कुंभाराचं चाक, टपालपेटीत स्वतःच्या हातानं टाकलेलं आजीचं पत्र, ही सगळी या वयाची सहलीची ठिकाणं आहेत. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी ओहोटीच्या वेळी खडकांतली डबकी दाखवावीत. शंख पाठीवर घेऊन चालणारा खेकडा मुंबईच्या किनाऱ्यांवरही दिसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत मागे जातं आणि तेवढ्याच वेगानं परतही येतं, म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा बघूनच निघावं.

आता पाऊस आणि माती. पावसात भिजलं की सर्दी होते, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. सर्दी होते ती विषाणूंमुळे आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते. पावसाळ्यात ती वाढलेली दिसते, त्याचं एक कारण म्हणजे माणसं बंद खोल्यांत एकमेकांजवळ बसतात. भिजून आल्यावर अंग पुसून कोरडे कपडे घातले तर अंगणातल्या सरीत नाचल्यानं निरोगी मुलाचं बिघडत नाही. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्याची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. उंदीर आणि इतर प्राण्यांच्या मूत्रातले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्यात असू शकतात आणि खरचटलेल्या कातडीतून ते शरीरात शिरतात. त्या पाण्यात मुलाला उतरवू नये, गमबूट घालूनही नाही.

मातीबद्दल दोन टोकांच्या समजुती आहेत. एक, माती म्हणजे आजार. दुसरी, माती पोटात गेली की प्रतिकारशक्ती वाढते. मातीतून जंतांची अंडी पोटात जाऊ शकतात हे खरं, पण ते टाळण्यासाठी खेळ बंद करावा लागत नाही. कुत्र्या-मांजरांची घाण नसलेली जागा, पायात चप्पल, कापलेली नखं आणि नंतर साबणानं हात एवढं सांभाळावं. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, म्हणजे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास, एक वर्षावरच्या मुलांना अंगणवाडीत गोळी फुकट मिळते, ती चुकवू नये. धनुर्वाताचं संरक्षण देणारा बूस्टर डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान आणि पुढचा मूल पाच-सहा वर्षांचं असताना असतो, तो झाला आहे ना हे पाहावं. आणि मूल सतत माती खात असेल तर त्याकडे कौतुकानं बघू नये. त्यामागे लोहाची कमतरता असू शकते, रक्त तपासून घ्यावं.

दिवाळीतला किल्ला या वयासाठी फार उत्तम आहे, आणि तो दादा-ताईंचाच खेळ समजून लहानग्याला लांब बसवलं जातं याचं मला वाईट वाटतं. तीन वर्षांच्या मुलाला बुरूज बांधता येणार नाही. पण माती चाळणं, पाणी घालून कालवणं, दगड आणून देणं हे ते मन लावून करतं. उतारावर अळीव पेरायचं काम त्यालाच द्यावं. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात, आणि या वयाचा धीर साधारण तेवढाच असतो.

दोन वर्षांची दोन मुलं एकत्र बसवली की ती पाठी वळवून आपापलं खेळतात, खेळणं देत नाहीत. लगेच मूल ‘स्वार्थी’ किंवा ‘एकलकोंडं’ ठरतं. मुलांच्या खेळाच्या अभ्यासक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्येच नोंदवलं होतं की शेजारी बसून वेगवेगळं खेळणं हा वाढीतला नेहमीचा टप्पा आहे. एकत्र मिळून खेळणं त्यानंतर येतं. तोवर पळ्या दोन ठेवाव्यात.

शैक्षणिक व्हिडिओंचं काय? जूडी डीलोच आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ ते १८ महिन्यांच्या बाळांना महिनाभर शब्द शिकवणारी लोकप्रिय डीव्हीडी दाखवली. न पाहणाऱ्या बाळांपेक्षा ती काही जास्त शब्द शिकली नाहीत. सर्वांत जास्त शिकली ती ज्यांच्या आई-बाबांनी तेच शब्द रोजच्या बोलण्यात शिकवले ती. दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि दोन ते पाच या वयात दिवसाला फार तर एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते.

शेवटचा गैरसमज मी जे सुचवते आहे त्यातूनच निर्माण होऊ शकतो: घरातली वस्तू म्हणजे सुरक्षित वस्तू. राजमा, हरभरे, शेंगदाणे, मणी श्वासनलिकेत अडकू शकतात. तीन वर्षांखालच्या आणि अजून वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाला ते खेळायला देऊ नयेत. त्यांच्याऐवजी मोठे बटाटे, लिंबं, डब्यांची झाकणं द्यावीत. अख्खे शेंगदाणे खाऊ म्हणूनही चार-पाच वर्षांपर्यंत नकोत. बादलीतल्या काही इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, आणि बुडताना आवाज होत नाही. म्हणून परातीतला खेळ चालू असताना दार उघडायला जायचं असेल तर मुलाला उचलून न्यावं आणि खेळ संपला की पाणी लगेच ओतून टाकावं. रिमोट, खेळणी, वजनकाटा यांतले बटणासारखे छोटे सेल सर्वांत घातक. अन्ननलिकेत अडकलेला असा सेल दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतो. मुलानं तो गिळल्याची नुसती शंका आली तरी त्याला उलटी करवू नये, लक्षणांची वाट पाहू नये, थेट एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठावं.