सन्मान कोणाच्या हातून? राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या निमित्ताने

ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावर बोलायचं आणि उदाहरण घ्यायचं राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण सन्मान म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न ग्रंथात दिसतो तितका कोरडा नाही. २०१८ साली तो दिल्लीच्या विज्ञान भवनात अक्षरशः दारात उभा होता. त्याकडे येऊच, आधी थोडी पार्श्वभूमी.

हे पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले, आदल्या वर्षीच्या चित्रपटांसाठी. तेव्हा इंग्रजीत त्यांना ‘स्टेट अवॉर्ड्स’ म्हणत. ‘स्टेट’ म्हणजे इथे महाराष्ट्र-गुजरात नव्हे हं, राज्यसंस्था. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल. पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते दुसरंच. सुरुवातीची बरीच वर्षं या पुरस्कारांत नट-नट्यांना स्थानच नव्हतं. मान होता तो कृतीला, चित्रपटाला. अभिनय, दिग्दर्शन यांचे स्वतंत्र पुरस्कार आले ते १९६७ च्या चित्रपटांपासून. अभिनयाचे पहिले मानकरी उत्तमकुमार आणि नर्गिस. नटाच्या पुरस्काराला ‘भरत’ म्हणत, नटीच्या पुरस्काराला ‘उर्वशी’. (एकीकडे शास्त्रकार मुनी, दुसरीकडे अप्सरा! यावर एक वेगळं व्याख्यान होईल.) दूरचित्रवाणीवरच्या मालिकांना मात्र इथे आजही जागा नाही.

आणखी एक नियम महत्त्वाचा. चित्रपटाला त्या वर्षी सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालेलं असलं की तो स्पर्धेत येऊ शकतो; थिएटरात लागलाच पाहिजे असं नाही. म्हणजे गल्ला किती जमला हा इथला निकष नाही.

आता २०१८. समारंभ ३ मे रोजी होता. आदल्या दिवशी, तालमीच्या वेळी, विजेत्यांना कळलं की राष्ट्रपती फक्त अकरा पुरस्कार स्वहस्ते देणार आणि बाकीचे माहिती व प्रसारण मंत्री देणार. राष्ट्रपती भवनाचं म्हणणं असं की राष्ट्रपती अशा कार्यक्रमांना तासाभरापेक्षा जास्त थांबत नाहीत आणि हे मंत्रालयाला आधीच कळवलेलं होतं. परिणाम काय झाला? पन्नासहून अधिक विजेते समारंभाला गेलेच नाहीत.

त्यावर पुष्कळांनी विचारलं की पदक तेच, रक्कम तीच, मग हा रुसवा कशाला? प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. आम्हाला तो चुकीचा वाटतो, आणि का ते ॲरिस्टॉटलकडून समजतं.

‘निकोमाखियन एथिक्स’च्या पहिल्याच भागात तो म्हणतो की सन्मान हे आयुष्याचं अंतिम श्रेय होऊ शकत नाही, कारण सन्मान घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर जास्त अवलंबून असतो. आणि तो पुढे म्हणतो की माणसं सन्मान मागतात ती आपल्या चांगुलपणाची खात्री पटावी म्हणून. त्यामुळे तो जाणत्यांकडून आणि आपल्याला ओळखणाऱ्यांकडून मिळावा अशी त्यांची इच्छा असते. म्हणजे बघा, सन्मान ही वस्तू नव्हे. वस्तू पोस्टानेही पाठवता येते. सन्मान हा दोन माणसांमधला व्यवहार आहे, आणि त्यातला एक माणूस बदलला की व्यवहारच बदलतो.

पण इथे एक गुंता आहे. राष्ट्रीय पुरस्कारात जाणता एक असतो आणि देणारा दुसराच. पारख करतात परीक्षक. २००९ पासून त्यांचीही दोन स्तरांची रचना आहे, आधी विभागीय मंडळं आणि मग केंद्रीय मंडळ. राष्ट्रपतींनी चित्रपट पाहिलेला असावा अशी कोणाचीच अपेक्षा नसते. मग त्यांच्या हातात असं काय आहे, जे मंत्र्यांच्या हातात नाही? मंत्री सरकारचा असतो. आज हा, उद्या तो. राष्ट्रपती राज्यसंस्थेचे प्रमुख असतात. मघाचा ‘स्टेट’ शब्द आठवा. परीक्षक म्हणतात ‘हे चांगलं आहे’, आणि राष्ट्रपतींच्या हातून प्रजासत्ताक म्हणतं, ‘आम्ही याची नोंद घेतली’.

तरीही बहिष्काराचं सगळं कारण पदात होतं असं आम्हाला वाटत नाही. डिसेंबर २०१९ च्या समारंभात पुरस्कार उपराष्ट्रपती वेंकय्या नायडू यांनी दिले, आणि असा गदारोळ झाला नाही. खुपली ती विभागणी. एकच यादी, एकच नियमावली, आणि ऐनवेळी त्यात दोन पंगती! ध्वनिमुद्रकाचं रजतकमळ नटाच्या रजतकमळापेक्षा हलकं नसतं, हे या पुरस्कारांनीच आपल्याला शिकवलेलं आहे.

जाणत्याच्या बाजूचीही एक अडचण आहे, ती थोडक्यात. इतक्या भाषांतून एकच ‘सर्वोत्कृष्ट’ निवडायचा कसा? ‘श्यामची आई’नंतर मराठीला हा मान पुन्हा मिळाला तो थेट ‘श्वास’ला, म्हणजे २००३ च्या पुरस्कारांत. पुढे २०११ च्या पुरस्कारांत परीक्षकांनी स्वर्णकमळ दोघांत विभागून दिलं. एक आपला ‘देऊळ’ आणि दुसरा ‘ब्यारी’. ब्यारी ही कर्नाटकाच्या किनाऱ्यावर बोलली जाणारी भाषा, आणि त्या भाषेतला हा पहिलाच चित्रपट. आम्हाला हा निर्णय प्रामाणिक वाटतो. दोन्ही श्रेष्ठ आहेत पण मापायला एक पट्टी नाही, असं म्हणण्यात कमीपणा काय आहे?

एक काळ असा होता की रविवारी दुपारी दूरदर्शन पुरस्कारप्राप्त प्रादेशिक चित्रपट दाखवायचं. मल्याळम, बंगाली, कन्नड. खाली इंग्रजी अक्षरं धावताहेत आणि घरोघरी लोक अर्धवट समजून का होईना, बघताहेत. आज ‘देऊळ’ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. ‘ब्यारी’ कोणी पाहिलाय? असेल तर हात वर करा, प्रश्नोत्तरं तुमच्यापासूनच सुरू करू.