दोन जेवणांच्या मधले टेबल

रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाचे जीवनही रहस्यमय असले पाहिजे, अशी आमची लहानपणापासूनची समजूत होती. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड उशीखाली दडवून वाचण्याचे ते वय! पुढे १९७७ साली प्रसिद्ध झालेले अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेचे आत्मचरित्र आमच्या हाती आले आणि ती समजूत पार ढासळली.

या बाईंचा जन्म १८९० साली टॉर्की या समुद्रकाठच्या गावी झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी रुग्णालयात शुश्रूषेचे काम केले व नंतर तेथील औषधालयात त्या काम करू लागल्या. विषांची जी माहिती त्यांना कादंबऱ्यांत जन्मभर पुरली, तिचा उगम या औषधालयातला. १९२० साली त्यांची पहिली कादंबरी निघाली. त्यांच्या कथांत खून होतो, पण रक्ताचे पाट वाहत नाहीत. घर ओळखीचे असते, चहाची वेळ झालेली असते आणि गुन्ह्याचा धागा सापडतो तो मोलकरणीच्या बोलण्यात वा बागेतल्या वाफ्यात. १९३० साली कादंबरीत अवतरलेली त्यांची मिस मार्पल तर विणकाम करीत बसणारी खेड्यातली एक अविवाहित वृद्धा. मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच, एवढ्याच भांडवलावर ती भल्याभल्यांना अडलेली कोडी उलगडते.

अशा कथा लिहिणाऱ्या बाईंना लिहिण्यासाठी स्वतंत्र खोली असेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु बराच काळ तशी खोली त्यांना नव्हती! झोपण्याच्या खोलीतले तोंड धुण्याचे संगमरवरी मेज, नाहीतर दोन जेवणांच्या मधल्या वेळात रिकामे होणारे जेवणाचे टेबल, एवढ्यावर त्यांचे भागे. त्यांच्या सत्तरांहून अधिक वह्या आज उपलब्ध आहेत. त्यांत खुनाच्या आराखड्यांशेजारी घरच्या याद्याही आढळतात.

हे सारे सुखासुखी झाले, असे मात्र नव्हे. १९२६ साली त्यांची आई वारली आणि त्याच वर्षी पतीनेही घटस्फोट मागितला. पुढच्या वर्षी लहान मुलीला घेऊन त्या कॅनरी बेटांवर गेल्या. पैशांची निकड होती, मन थाऱ्यावर नव्हते आणि मुलगी मध्येच येऊन उभी राही. तरीही कादंबरी पुढे रेटावी लागली. मन नसताना, लिहिलेले स्वतःला रुचत नसतानाही लिहावे लागते, तेव्हा छंदाचा व्यवसाय होतो, हे त्यांना तेथे उमगले.

१९३० साली त्यांनी पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी विवाह केला. इराकातील निमरूद येथे उत्खननात सापडलेले हस्तिदंती अवशेष विणकामाच्या सुईने आणि तोंडाला लावायच्या क्रीमने स्वच्छ करण्यात त्या रमत. जगभर कीर्ती पसरल्यावरही अर्जातील व्यवसायाच्या रकान्यात ‘विवाहित स्त्री’ असेच त्या लिहीत.

हे वाचताना आम्ही एका जागी थबकलो. काही वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींनी मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी दुधाच्या हिशेबाच्या वहीत एक कथा लिहावयास घेतली होती. “हिशेबाच्या वहीत कुठे साहित्य होते काय?” असे म्हणून आम्ही हसलो होतो. मराठीचे एम.ए. आम्ही! त्या काही बोलल्या नाहीत. कथाही पुढे गेली नाही.

परवा ती वही शोधून काढली. अकराव्या पानावर शेजारच्या वाड्यातले दार आतून बंद आहे आणि कडी वाजते आहे. पुढे कोरी पाने. आत कोण आहे, असे आम्ही विचारले, तर त्या म्हणाल्या, “तेवढे लिहायचे राहिले.”

आमच्याही घरी दुपारी जेवणाचे टेबल रिकामे होते. पण त्यावर आमची वर्तमानपत्रे पसरलेली असत. ती आता आम्ही उचलली आहेत.